चार क्रमांकाची वस्तू

सिंदेवाहीच्या शाळेत मी आठ वर्षं इंग्रजी शिकवलं. माझं इंग्रजी पुस्तकातलं. बोलायची वेळ आली की मी अडखळे आणि लिहिताना एकेका शब्दासाठी तीनतीनदा कोश उघडावा लागे. तरी गावात कोणाला इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडेच येई, कारण दुसरं कोणी नव्हतं. चूक होईल या भीतीने मी एक सवय लावून घेतली होती. पत्र आधी वहीत जसंच्या तसं उतरवायचं, खाली मराठी लिहायचं, मग वाचून दाखवायचं. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. पुढे लिहितो आहे ते त्यांतल्या एका वहीवरून. नुसत्या आठवणीच्या भरवशावर मी हे लिहायला घेतलं नसतं.

१९५४च्या डिसेंबरात गुणाबाई एक लांबट पाकीट घेऊन आल्या. त्यांचे यजमान नथ्थूजी भाताच्या गिरणीत फिटर होते. गिरणीमालकाच्या सांगण्यावरून त्यांनी घरसामानाचा आगीचा विमा उतरवला होता. कंपनी नागपूरची. पॉलिसीला नऊ वस्तूंची यादी जोडलेली होती. त्यात चौथी वस्तू होती, शिवणयंत्र, पायाने चालवायचं, एक. नथ्थूजी गेल्यावर गुणाबाईंचं पोट त्या यंत्रावर होतं. अर्ध्या गावाच्या चोळ्या, शाळेचे सदरे, तान्ह्यांची झबली त्या शिवत. शाळेत जाताना मला त्यांच्या घरातून यंत्राचा आवाज ऐकू येई. त्याचा पट्टा सैल होता. एकसारखी घरघर चाले आणि मध्येच एक ‘खट्’. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाला आग लागून तीन घरं गेली होती. गुणाबाईंचं वाचलं ते वारा फिरला म्हणून. तेव्हापासून पॉलिसीचा कागद त्या देवघरात ठेवत.

“काय लिवून राह्यले मास्तर ते लोकं?”

पॉलिसीत तीन बदल केले होते. नगद आणि दागिने यादीतून वगळले होते. तणसीचं छप्पर असलेल्या गुरांच्या कोठ्यातलं सामान वगळलं होतं. तिसरा बदल मी दोनदा वाचला. घर सलग तीस दिवस रिकामं राहिलं तर विमा थांबेल. मालक बाहेरगावी जाणार असेल, तर मागे घरात कोण राहणार त्याचं नाव कंपनीला आधी कळवावं.

गुणाबाई तर दोन महिन्यांसाठी जाणार होत्या. त्यांची मुलगी आशा आलापल्लीला होती, जावई जंगलखात्यात गार्ड. आशाचं पहिलं बाळंतपण होतं.

“म्हंजे मी गेली आन् आग लागली, त मशीन गेली?”

“घरात कोणी राहत असेल तर नाही जाणार.”

“हात्तिच्या! मंग कायले भेव दाखवता बाप्पा? मामाजी हायेत नं घरी.”

त्यांच्या घरी सासरे आहेत हे मला माहीत नव्हतं. मला गावातलं फारसं काहीच माहीत नसे. मी कोणाच्या घरी जात नसे. ओसरीवर बसून काय बोलावं ते सुचत नसे.

“नाव?”

“मी कशी नाव घेऊ त्यायचं? तुमीच लिवा, मुखरू.” त्या पदराआड हसल्या. “घेतलं बघा!”

“वय?”

“सत्तरच्या वरतेच. मोजलं कोनं?”

“ते बाहेरगावी जातात का कधी?”

“ते काऊन जातीन? त्यायले घर सोडनं आवडतच नाई. आमी सारे भात कापाले जावो, तवाबी तेच राहत घरी.”

मी लिहिलं : मुखरू, सासरे, वय सत्तरच्या वर, कायमचे रहिवासी, घर सोडत नाहीत. हे वाक्य इंग्रजीत बरं जमलं म्हणून मला थोडा आनंदही झाला. महिन्याभरात कंपनीची चिठ्ठी आली, पॉलिसीला चिकटवायची. तिच्यावर ते नाव टाइप केलेलं होतं. गुणाबाईंनी त्या नावाला हात लावून नमस्कार केला. मला ते थोडं जास्तच वाटलं.

जानेवारीच्या अखेरीस त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी पाहिलं तर दाराला बाहेरून पितळी कुलूप होतं. म्हातारे मागच्या दाराने ये-जा करत असतील, असा विचार करून मी पुढे गेलो. दहाबारा दिवसांनी मागच्या बोळातून गेलो. मागचं दार आतून अडसर घालून बंद होतं आणि उंबऱ्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

शेजारी झिंगूभाऊंचं चहाचं दुकान होतं. मी तिथे कधी बसत नसे. त्या दिवशी बसलो.

“अरे वा, मास्तर! आज सूर्य कुठी उगवला?”

“मुखरूजी कुठे असतात हल्ली?”

झिंगूभाऊंनी कपबशी ठेवली. “कोन मुखरू? नथ्थूचा बाप? नऊ वर्सं झाले त्याले मरून, मास्तर. खळ्यावर धान चुरता चुरता खाली बसला तो बसलाच.”

“पण गुणाबाई म्हणाल्या, ते घरी आहेत.”

“हायेतच नं! घर बंद करून गेलं की म्हाताऱ्याच्या नावानं तांब्या भरून ठेवतात चुलीपाशी. आमीबी ठेवतो. घर उघडं नाई पडत मंग.” ते हसायला लागले. “तुमाले कोनं फसवलं?”

मला कोणी फसवलं नव्हतं. गुणाबाईंनी त्यांच्या दृष्टीने खरं तेच सांगितलं होतं, आणि ते कंपनीला कळवलं होतं मी. हयात आहेत का, एवढं एक विचारायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या हातून खोटं निवेदन गेलं होतं. ते उघडकीला आलं असतं तर पॉलिसी रद्द झाली असती आणि त्या बाईचं यंत्र उघड्यावर पडलं असतं. तीन दिवस मी कंपनीला पत्र लिहीत होतो. चौथ्या दिवशी, सोळा फेब्रुवारीला, ते खिशात घालून शाळेत गेलो. मधल्या सुटीत टपालात टाकायचं ठरवलं होतं.

सुटीच्या आधी हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे नागपूरहून छोट्या गाडीने आलेले विमा कंपनीचे इन्स्पेक्टर बसले होते. नाव गुणवंतराव. जाडजूड, घामाघूम, हसतमुख माणूस. मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो.

“अर्ज तुम्हीच लिहिलाय ना? अक्षर छान आहे. इथे साक्षीदार म्हणून सही करा. घर पाहून आलो.”

“घर उघडं होतं?”

“उघडं म्हणजे? म्हातारबाबा दारातच बसले होते. बोलत नाहीत फारसे. पण पाणी दिलं हो, काय थंडगार! तांब्या रिकामा केला मी.”

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. रहिवाशाच्या जागी अंगठा होता. शाई अजून ओली होती.

“एक दुरुस्ती केली आहे. आपल्याकडे रहिवासी एकच लिहिलाय. बाबा म्हणाले, आता दोन आहेत. सून आली.”

“त्या आलापल्लीला आहेत.”

“असतील. आत्ता आल्यात. आत यंत्र चालू होतं ना. मी काही आत गेलो नाही, बाईमाणूस काम करत होती.” ते उठले. “त्यांना सांगा, पट्टा बदलून घ्या. घरघर चालतं आणि मध्येच खट् करतं.”

मी सही केली. का केली ते मला आजही सांगता येत नाही. समोरचा माणूस खात्रीने बोलत असला की मी नेहमी सही करत आलो आहे.

शाळा सुटल्यावर झिंगूभाऊंना घेऊन त्या घरापाशी गेलो. ते सकाळपासून दुकानात होते. कोणी इन्स्पेक्टर त्यांना दिसला नव्हता. कुलूप जागच्या जागी होतं. त्याच्यावर धूळ होती.

तीन दिवसांनी जावयाचं कार्ड आलं. गावाला वाचून दाखवायला तेही माझ्याकडेच आलं. आशाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. सासूबाई सोळा तारखेला सकाळी चुलीपाशी बसल्या असताना गेल्या.

मार्चच्या मध्यात आशा आली, तान्ही पोर घेऊन. तिने मला आणि झिंगूभाऊंना बोलावलं. कुलपाची किल्ली तिने आपल्या पदराच्या गाठीतून सोडली.

“मायच्या कमरेलेच होती हे. मीच काढली.”

आत बंद घराचा, कोंड्याचा आणि थंड राखेचा वास होता. चुलीपाशी तांब्या होता. आशाने तो तिरपा करून पाहिला. आत थेंबही नव्हता, पण तो उपडाही पडला नव्हता.

यंत्राच्या सुईखाली एक झबलं होतं, पिवळ्या फुलांचं. गळा झाला होता, एक बाही झाली होती. दुसऱ्या बाहीचं कापड कुठेच सापडलं नाही.

“असं अर्धं ठेवून नाई जात माय,” आशा म्हणाली. मग तिने सुई वर केली, दोरा दाताने तोडला आणि ते झबलं पोरीला तसंच घातलं. एक हात उघडा राहिला.

यंत्र ती आलापल्लीला नेणार होती. मी आणि झिंगूभाऊंनी ते उचलून बैलगाडीत ठेवलं. त्याचा लोखंडी पाय माझ्या अंगठ्यावर आला. नख काळं पडून महिन्याने गळालं. हे मुद्दाम लिहितो. कारण पुढे मला असं वाटायला लागलं, की यंत्र आम्ही उचललंच नाही.

बाकीचं सामान इथेच राहणार होतं. आशा कापणीला येणार होती, म्हणून पॉलिसी तिच्या नावावर करून चालू ठेवायची होती.

“चार नंबर काढून टाका म्हनाव, मास्तर. मशीन मी घेऊन जाऊन राह्यली.”

“आणि रहिवासी?”

तिने चुलीकडे पाहिलं. तिथे तिने तांबे भरून ठेवले होते. दोन.

“हाये तेच राहू द्या.”

मी तसं लिहिलं. खिशातलं जुनं पत्र टाकायचं राहूनच गेलं. ते अजून वहीत आहे.

त्यानंतर मी शाळेत नदीच्या बाजूने जाऊ लागलो. लांब पडे. मुलं विचारत, तर सांगत असे, पायांना बरं वाटतं.

नोव्हेंबरात कंपनीचं उत्तर आलं. इन्स्पेक्टर दुसरा होता, सही वेगळी होती. पॉलिसी आशाच्या नावावर केल्याचं लिहून पुढे कळवलं होतं, की चार क्रमांकाची वस्तू वगळण्याची विनंती मान्य करता येत नाही; प्रत्यक्ष तपासणीत ती वस्तू घरात आढळली.

मी कोश उघडला. ‘आढळली’ला दुसरा अर्थ नव्हता.

खाली शेऱ्याची जागा होती. तिथे हाताने लिहिलं होतं. अक्षर बारीक होतं, म्हणून मी कागद खिडकीशी नेला. मग नेहमीप्रमाणे तो वहीत उतरवला आणि खाली मराठी लिहिलं :

‘यंत्र चालू स्थितीत. रहिवासी दोन, दोघेही हजर. तपासणीच्या वेळी लहान मुलाच्या कपड्याची बाही शिवणे चालू होते. कापड पिवळ्या फुलांचे.’