आधी उतार, मग गोलाई

सोमवार, दुपारचा एक. साचे घडवणाऱ्या कारखान्याचा पहिला मजला, संगणकांची खोली. खालचा प्रिंटर अडकला म्हणून ती वर आली, आणि सारा कारखाना ज्याला ‘शास्त्रीबुवा’ म्हणे त्या तरुण डिझायनरच्या खुर्चीमागे थबकली.

पडद्यावर चष्म्याच्या पेटीचे झाकण होते आणि त्याची एक भिंत पिवळी. बादली तळाशी अरुंद, तोंडाशी रुंद असते, म्हणून एकात एक घातलेल्या बादल्या सुटतात. साच्यातून वस्तू सुटण्यासाठी तिच्या भिंतींनाही तसाच उतार लागतो. उतार मिळाला की भिंत हिरवी दिसे. ही मात्र सकाळपासून हटून बसली होती.

“कडांना गोलाई आधी दिलीत ना?” मागून आवाज आला. “मग भिंत कलेल कशी? आधी उतार, मग गोलाई.”

त्याने वळून पाहिले. बोटांना पॉलिशचा काळा लेप, कपाळावर त्याचाच ठिपका…

“आपण?”

“खाली साचे घासते. फोरमन माझे मामा. तुम्ही वर चुकता, खाली मी घासत बसते!”

“तत्त्वतः,” तो गंभीरपणे म्हणाला, “क्रमाने फरक पडता कामा नये.”

“तत्त्वतः!” ती हसली. “बरं, उद्या बघू, तुमचं तत्त्व काय दिवे लावतं ते.”

मंगळवारी प्रिंटर सुरू झाला होता. तरी ती आली. त्याने सिद्ध केले की दोष सॉफ्टवेअरचा. तिने ते दोन वाक्यांत मोडीत काढले. बुधवारी त्याने पृष्ठभागांच्या सांध्यात केसाएवढी फट असल्याचा सिद्धान्त मांडला.

“फट सांध्यात नाही,” ती म्हणाली, “डोक्यात आहे. गोलाई काढून बघायला हात झडतात का हो?”

“पुराव्याविना मत बदलणे मला—”

“जमत नाही. ठाऊक आहे.”

ती गेली. पाऊण वाजता आपण आरशात भांग का पाडला, हे कोडे त्याला संध्याकाळपर्यंत सुटले नाही.

गुरुवारी चार वाजता साच्याचे पोलाद कापायला यंत्रावर चढायचे होते. अकराच्या सुमारास, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, त्याने गोलाई काढली, उतार दिला, गोलाई पुन्हा चढवली. भिंत हिरवीगार!

त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे काय? काम फत्ते झाले असता माणूस उदास का व्हावा? विचार करता करता उत्तर हाती आले आणि तो अधिकच गोंधळला: वाद संपला की ती येणार नाही. त्याने बदल मागे घेतला. भिंत पिवळी. पुन्हा केला, हिरवी. पिवळी. हिरवी. पिवळी… खाली तिचे मामा वाट पाहत होते, आणि बुवा रंगपंचमी खेळत होते!

एक वाजला. जिन्यावर पावले वाजली. त्याने भिंत हिरवी केली आणि माउसवरचा हात काढून घेतला.

“काय म्हणते भिंत?”

“तुमचं… बरोबर होतं.”

हे वाक्य त्याने आजवर सख्ख्या आईलाही ऐकवले नव्हते. तीही चकित झाली.

“कधी कळलं?”

“अकराला.”

“मग खाली का नाही कळवलंत?”

“कळवलं असतं तर तुम्ही आला नसतात.” तो अडखळला. “म्हणजे… उद्यापासून एक वाजेल, पण— मला नीट मांडता येत नाहीये.”

“अहो शास्त्रीबुवा,” ती हळूच म्हणाली, “मंगळवारपासून प्रिंटर चालू आहे. तरी मी का चढतेय एवढा जिना?”

“का?”

“देवा!” तिने त्याचा हात धरला. त्याच्या पांढऱ्या बाहीवर काळी बोटे उमटली.

“मॉडेल झालं का?” दारातून मामांनी विचारले, मग बाही पाहिली, भाचीचा चेहरा पाहिला. ती हात सोडेना.

“झालं,” तो उभा राहत म्हणाला. “चार दिवस मात्र माझ्यामुळे गेले. ही पहिल्याच दिवशी बरोबर सांगत होती.”

मामा भाचीकडे वळले.

“मुलगा हट्टी आहे,” ते म्हणाले. “पण चूक कबूल करतो. चालेल.”