अर्ध्या मांडामांडीची आवराआवर

तात्या अंगाई म्हणता म्हणता मधेच लाटांची उंची का सांगू लागतात, हे कोडं तीन आठवडे झाले तरी कुणाला सुटलं नव्हतं.

"नीज रे फुला, निजली वेल,
वाराही आता अंगणी निजेल.
पापणीवरचं... लाटेची उंची दोन मीटर चाळीस! वारा नैऋत्येकडून! सावधान!"

की झालं. नुकताच डोळा लागलेला गुंड्या दचकायचा, दोन्ही हात हवेत फेकायचा आणि असं काही भोकाड पसरायचा की स्वयंपाकघरातली आई हातातलं तसंच टाकून धावत यायची.

तात्या म्हणजे पाळणा हलवणारा रोबो. एक लांब हात, दोन गोल डोळे आणि निवृत्त मास्तरांसारखा आवाज. शर्वाणीच्या वेळीही त्यांनीच पाळणा हलवला होता. आता शर्वाणी दहा वर्षांची आणि गुंड्या सहा महिन्यांचा. तात्यांच्या कोपराचं बिजागर कुरकुरायला लागलं होतं, पण हात अजून तितकाच हलका होता.

हे घर कोकणकिनाऱ्यावरच्या एका वसाहतीत होतं. समुद्राच्या लाटांपासून वीज तयार करणारं केंद्र समोरच. शर्वाणीचे बाबा पंधरा दिवस त्या केंद्राच्या तरंगत्या फलाटावर आणि पंधरा दिवस घरी. केंद्रातल्या अजस्र यंत्रांमुळे बिनतारी संदेश विस्कटत, म्हणून वसाहतीत घरोघरी वायर टाकलेली होती. त्या वायरीतून लाटांची आणि वाऱ्याची खबर प्रत्येक घरातल्या यंत्रांना दिवसभर मिळत राही. भिंतीतल्या खोबणीत तात्यांच्या पाठीची वायर खोचली, की त्यांनाही मिळे. पण ती ऐकून घ्यायची असते, अंगाईत म्हणायची नसते!

त्या सकाळी आईने दुरुस्तीवाल्या खेडेकरकाकांना फोन लावला.

"चार वाजता येतो, मुग्धाताई. मेमरी पुसून टाकू. कोरी पाटी."

"सगळी पुसणार?"

"थोडी थोडी नाही हो पुसता येत. आणि मॉडेल किती जुनं! चाललंय हेच नशीब म्हणा."

आईने फोन ठेवला. चहात एकदा घातलेली साखर पुन्हा घातली आणि तो न पिताच कप धुऊन टाकला.

"पुसलं की काय होईल गं?" शर्वाणीने विचारलं.

"होणार काय? तात्या गुंड्याला विसरतील. आधी अकरा मोठे झोके, मग जरा थांबायचं, मग अगदी बारीक बारीक, हे कळायला त्यांना चार महिने लागले. मला अजूनही जमत नाही ते." आई ओट्याला टेकून उभी राहिली. "दुपारचे दोन तास डोळा लागतो तो त्यांच्याच जिवावर. आता परत चार महिने..." वाक्य तिने पुरं केलंच नाही. हल्ली तिची बरीच वाक्यं अशी मधेच बसायची.

खोलीतून तात्या म्हणाले, "शरूबाई, मला ऐकू येतं हं सगळं."

शर्वाणी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "तात्या, तुम्ही मुद्दाम करता का हो?"

"मुद्दाम? अगं, मला कळतसुद्धा नाही. पुढची ओळ आठवायला जावं, तर तिथे भलतंच लिहिलेलं असतं. जे लिहिलंय ते मी वाचतो, झालं."

"मग वायरीचाच घोळ आहे!"

"तेच तर कोडं आहे. हे होतं ते वायर न लागलेल्या दिवशी! खोबणी हल्लीच गंजली आहे ना, कधी वायर नीट बसते, कधी नाही. बसली, की अंगाई सुरळीत. नाही बसली, की मी म्हणतो 'वायर लागली नाही', आणि तसाच गायला लागतो. तेव्हाच घोटाळा होतो."

शर्वाणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या. तात्यांचं म्हणणं खरं होतं. सहा वेळा अंगाई बिघडली होती आणि सहाही वेळा आधी तात्या म्हणाले होते, 'वायर लागली नाही.' वायर लागलीच नाही, तर वायरीतली खबर आत आली कशी?

तिने कॅलेंडर आईपुढे नेलं. आई बघत राहिली. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून तिने आपला कॉम्प्युटर काढला. त्यावर सहा महिन्यांची धूळ होती. गुंड्या व्हायच्या आधी आई तात्या बनवणाऱ्या कंपनीतच काम करायची.

"ड्रायव्हर बघावा लागेल," ती म्हणाली.

"तात्या गाडी चालवतात?"

आईला हसू आलं. चार दिवसांतलं पहिलंच असावं. "तसा नाही गं. तात्यांच्या पोटात नेटवर्क कार्ड (वायरीतून आलेले संदेश उतरवून घेणारा भाग) आहे. त्या कार्डाशी कसं बोलायचं, त्याला कधी चालू करायचं, कधी बंद, हे तात्यांना सांगणारा ड्रायव्हर (आज्ञांची यादी) असतो."

यादी उघडली. सगळ्यात वर लिहिणाऱ्याचं नाव होतं : मुग्धा. खाली तारीख. गुंड्या जन्मला त्याच्या आदल्या आठवड्यातली.

"अगं बाई," आई हळूच म्हणाली. "हे माझंच."

ती वाचायला बसली न बसली तोच गुंड्या उठला. त्याच्या आंघोळीची वेळ झाली होती. शर्वाणीने मोरीत सगळी मांडामांड केली. नळाखाली टब ठेवला, शेजारी पाट मांडला, नळ सोडला. नळाला पाणीच नव्हतं. वसाहतीत पाणी यायची वेळ दहाची, पण ते कधी साडेदहालाही यायचं. दोघी वाट बघत बसल्या. तेवढ्यात गुंड्याला लागोपाठ तीन शिंका आल्या.

"राहू दे," आई म्हणाली. "आज नुसतं अंग पुसून घेऊ. तू आवर गं ते सगळं."

शर्वाणीने आवरलं. टब भिंतीला टेकवला, पाट उभा केला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाळलेल्या दुपट्यांची टोपली आणून ठेवली. मग आईशेजारी येऊन बसली.

आई बोटाने एकेक ओळ दाखवत होती. "ही बघ कार्डाची मांडामांड. पहिली पायरी, मेमरीत थोडी जागा मागून घ्यायची, आलेले संदेश ठेवायला. दुसरी, त्या जागेचा पत्ता कार्डाला सांगायचा. तिसरी, कार्ड चालू करायचं. चौथी, वायर नीट लागली का ते बघायचं. आणि ही शेवटची आवराआवर. कार्ड बंद करायचं, पत्ता पुसायचा, जागा परत द्यायची. मांडलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने. हे तर ठीक आहे." तिने डोळे चोळले. "सगळं ठीक दिसतंय, शरू. मला कळतच नाहीये. डोकं चालत नाही माझं आताशा."

"आणि वायर लागली नाही तर?"

"तर घेतलेली जागा परत द्यायची आणि सांगायचं, 'वायर लागली नाही.' ही इथे लिहिलीये बघ ती ओळ. हेही..."

मोरीतून धो धो आवाज आला.

शर्वाणी धावली. नळाला पाणी आलं होतं. टब भिंतीशी कोरडा ठणठणीत, आणि सगळी धार दुपट्यांच्या टोपलीत! दुपटी पार भिजून गेली होती.

"नळ बंद नाही केलास?" आई मागून आली. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"पण आई, पाणी आलंच कुठे होतं?" शर्वाणी रडकुंडीला आली. "आंघोळ झालीच नाही, म्हणून मला वाटलं, बंद करण्यासारखं काही नाहीच. टब काढला, की आवरलं सगळं."

आईने नळ बंद केला. मग हात तसाच नळावर ठेवून ती उभी राहिली.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"आंघोळ झालीच नाही, म्हणून..."

"शरू! मीही हेच केलंय!"

ओल्या हातांनीच तिने शर्वाणीला कॉम्प्युटरपुढे ओढत आणलं. "हे बघ. तिसऱ्या पायरीला मी कार्ड चालू केलं, म्हणजे नळ सोडला. चौथ्या पायरीला कळलं, वायर लागली नाही, म्हणजे पाणी आलेलं नाही. मग मी काय केलं? मेमरीतली जागा परत देऊन टाकली, म्हणजे टब उचलला. पण कार्ड बंद केलंच नाही!"

"नळ सोडलेलाच!"

"हो ना. मला वाटलं, सुरुवातच फसली, तर बंद काय करायचं? आणि मोकळी झालेली जागा तात्यांनी कशाला घेतली असेल?"

शर्वाणीचे डोळे मोठे झाले. "अंगाईला! अंगाई म्हणजे दुपट्यांची टोपली!"

खोलीतून तात्या बोलले, "आणि मी पाळण्याबरोबर मागेपुढे झुलतो, तेव्हा पाठीची वायर सरकून आपोआप खोबणीत बसत असणार. लागलीच खबर सुरू. कार्डाला बिचाऱ्याला जुनाच पत्ता ठाऊक. त्याने ती माझ्या अंगाईवर ओतली."

"मग वायर लागेल त्या दिवशी का नाही बिघडत?" शर्वाणीने विचारलं.

"त्या दिवशी टब जागेवरच असतो ना," आई म्हणाली. "मांडामांड पुरी झाली, की आवराआवर कुणीही नीट करतं. मोडते ती अर्ध्यावर. तेव्हा आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बघायचं आणि तिथूनच एकेक पायरी मागे यायचं. दुसऱ्या पायरीला अडलं, तर नुसती जागा परत. नळ सोडलाच नव्हता, तर बंद काय करणार? पण चौथ्या पायरीला अडलं, तर आधी कार्ड बंद, मग पत्ता पुसायचा, मग जागा परत."

दोन ओळी वाढवायच्या होत्या. पण त्यात गुंड्या दोनदा उठला, एकदा दूध ओकला, आणि एक ओळ आईने चुकीच्या जागी लिहून पुन्हा खोडली. तिने नवी यादी तात्यांत भरली, तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती.

खेडेकरकाका वेळेवर आले. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. "ताई, वायर लागलेली नसते तेव्हाच बिघडतो म्हणता, आणि दोष वायरीच्या ड्रायव्हरचा म्हणता?"

"काका, बंद नळाला पाणी येतं का?" शर्वाणी म्हणाली.

"नाही."

"आणि सोडून ठेवलेल्या?"

काकांनी वाकून तात्यांची वायर मुद्दाम अर्धवट खोचली. "हं, गा बघू."

"वायर लागली नाही," तात्या म्हणाले आणि गाऊ लागले. हात मागेपुढे होऊ लागला. अकरा मोठे झोके. वायर सरकली, खोबणीत टक् असा आवाज झाला.

"नीज रे फुला, निजली वेल,
वाराही आता अंगणी निजेल.
पापणीवरचं इवलंसं ऊन
ठेवू उशाशी घडी घालून."

झोके बारीक झाले. गुंड्याची मूठ उघडली. तात्यांनी अंगाई पुन्हा पहिल्यापासून घेतली, मग पुन्हा. लाटांचा शब्दही निघाला नाही.

खेडेकरकाकांनी पुसायचं यंत्र बॅगेत परत ठेवलं. "हे असले तात्या या किनाऱ्यावर चारशे घरांत आहेत," ते कुजबुजले. "कितीतरी मी स्वतः पुसलेत हो. ताई, तुमच्या त्या दोन ओळी मला..."

शर्वाणीने ओठांवर बोट ठेवलं. पाळण्याच्या दोरीशी डोकं टेकून आई बसल्या बसल्या झोपली होती.

"त्या उठल्या की पाठवतील," तात्या हळूच म्हणाले. "चारशे घरांतल्या आया थांबतील दोन तास."

काका पाय न वाजवता गेले. शर्वाणीने आईच्या मांडीवरचा कॉम्प्युटर अलगद उचलला, आधी बंद केला, मग त्याची वायर काढली, मग फळीवर ठेवला. मोरीत जाऊन नळ पुन्हा एकदा घट्ट पिळला. आणि भिजलेली दुपटी घेऊन ती वाळत घालायला अंगणात गेली. ऊन अजून होतं.