राणी मेंसियाला तीन हाका

मोबाईल खिशात टाका आधी. टाकलेत? हं. आणि मधेमधे "मग काय झालं" करायचं नाही. झालं तेवढंच सांगतोय, पदरचं काही नाही.

लेओकादिओ माझा शेजारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, ताठ, तोंडाने फटकळ. आपल्या मठाच्या तळघराची किल्ली त्याच्या घराण्यात. राणी मेंसियाची दगडी शवपेटी तुम्ही दिवसा पाहिलीच असेल. तिला पोटच्या पोराने, राजाने, वेडी ठरवून इथे कोंडलं. ती गेली असं जाहीर झालं, तेव्हा रिवाजाप्रमाणे मठाच्या कारभाऱ्याने पेटीशी तीनदा हाक मारली. उत्तर आलं नाही तरच झाकण लावायचं. गाव म्हणतं, उत्तर आलं होतं... कारभारी गप्प राहिला, झाकण लागलं. तेव्हापासून दर वर्षी संत मार्तीनच्या रात्री किल्लीवाला एकटा खाली जातो, तीन हाका मारतो आणि वर येऊन खरं काय ते गावाला सांगतो. पाचशे वर्षं सगळे "नाही"च म्हणत आले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरा नोव्हेंबर, म्हणजे संत मार्तीनची रात्र, पावणेबारा वाजलेले. मुलगा बासिलिओ मुद्दाम माद्रिदहून आला होता. लेओकादिओने त्याच्यासाठी लसणाचं सूप केलं, आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "आमचे साहेब आलेत! रस्ता विसरले नाहीत, नशीब माझं!"

मठाच्या दाराशी बासिलिओने अंगातला कोट काढून बापाच्या खांद्यावर टाकला. "खाली गारठा असतो, बाबा."

"एवढी माया? ताप-बीप आलाय का तुला?"

सगळे हसले. खिशातलं काढून घ्यायचं मात्र पोरगा विसरला.

खाली पोचल्यावर लेओकादिओने रुमालासाठी खिशात हात घातला, तर घडी घातलेला कागद. टॉर्चच्या उजेडात वाचला. कोर्टाचा अर्ज होता. वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना कायमचं वृद्धाश्रमात ठेवावं, घराचा ताबा मुलाला द्यावा. कारण... वडिलांना आवाज ऐकू येतात. खाली बासिलिओची सही.

जन्मात त्याला कधी आवाज ऐकू आले नव्हते. ज्याला खांद्यावर बसवून याच पायऱ्या दाखवल्या, त्या पोराने हे करावं?

पण हाक मारायलाच हवी होती. मारली.

"राणीसाहेब!"

काही नाही.

"राणीसाहेब!"

काही नाही.

तिसरी हाक कशीबशी मारली.

"आहे मी..."

बाईचा आवाज. थकलेला. अगदी जवळून.

"आहे मी. या वेळी तरी सांगा."

वर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. गाव गोळा झालेलं. रिवाजाचा प्रश्न पोरानेच विचारला.

"उत्तर आलं, बाबा?"

लेओकादिओ त्याच्याकडे बघत राहिला. हो म्हणावं, तर अर्ज खरा. नाही म्हणावं, तर...

"नाही," तो म्हणाला.

मठाचं दार लागलं. त्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं, आणि लहान पोरासारखा रडला. "पोराने माझा घात केला रे, आणि मी तिचा."

अर्ज मंजूर व्हायचा तो झालाच. नाताळच्या आत त्याला शहरातल्या आश्रमात टाकलं. फेब्रुवारीत गेला. पुरलाही तिकडेच. गावात आणलासुद्धा नाही. इथून मी एकटा गेलो होतो.

पुढच्या नोव्हेंबरात किल्ली बासिलिओकडे. दाराशी मी. तो खाली गेला. पहिली हाक ऐकू आली. दुसरी. तिसरी...

मग धावण्याचा आवाज. दोनदा धडपडला पायऱ्यांवर. मी तोंड उघडायच्या आत ओरडला, "नाही! काही नाही आलं! लावा, दार लावा!"

मी काही ऐकलं का?

...

ते राहू दे.

सकाळी मी खाली उतरलो. पेटीच्या झाकणावर प्लास्टिकचा पट्टा पडला होता. आश्रमात म्हाताऱ्यांच्या मनगटाला बांधतात, तसला. एकदा बसवला की सुटत नाही, कापावाच लागतो. त्यावर लेओकादिओचं नाव, खोलीचा नंबर. तो पट्टा मनगटावर असतानाच त्याला पुरलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

उचलून उजेडात धरला. कुठे कापलेला नव्हता.