पेल्यातलं पाणी

इटलीतल्या फेर्रारा शहरातल्या त्या चर्चच्या मागच्या खोलीत ओकारीचा इतका वास मारत होता, की लेआर्कोने दारातच नाकाला रुमाल लावला.

"आत या भावोजी, मरत नाही तुम्ही," इसोत्ता मालागोदी म्हणाली. ती खाजगी गुप्तहेर. लेआर्को तिच्या बहिणीचा नवरा, निवृत्तीनंतर तिच्या मागे मागे फिरणारा.

तिला बोलावलं होतं देल्फिनाने. पाचशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या शॉम नावाच्या सनयांवर वाजवणाऱ्या तिघांपैकी ती एक. सगळ्यांच्या सनयांच्या, तोंडात धरून फुंकायच्या वेताच्या पत्त्या तीच तासायची. काल भर कार्यक्रमात दुसरा वादक एर्मेते ओठ धरून कोसळला आणि इथे येऊन भडाभडा ओकला. त्याच्या पत्तीला मिरचीचं तेल लागलेलं निघालं. ईस्टरला मुख्य सनई देल्फिनाची की एर्मेतेची, ते कालच ठरणार होतं.

"मला काढून टाकलं," देल्फिना म्हणाली. "आता कुठलं मंडळ माझी पत्ती तोंडात घालेल?"

टेबलावर कालचा पाण्याचा पेला तसाच होता. आत थुंकीचे तंतू तरंगत होते.

"हे काय?" लेआर्कोने विचारलं.

"पत्ती भिजवल्याशिवाय वाजत नाही. पहिला एर्मेते, मग मास्तर, शेवटी मी. सगळ्यांचा एकच पेला."

"शी, शी," लेआर्को मागे सरकला.

मंडळाचे म्हातारे प्रमुख आणि तिसरे वादक ओद्दोने, म्हणजेच मास्तर, ताठ बसले होते. "पुरावा म्हणून काही हलवलं नाही. हिच्या बाकीच्या सगळ्या पत्त्या मात्र कचऱ्यात टाकल्या. मान्तोव्हा, पार्मा, सगळीकडच्या मंडळांना फोन करून सावध केलंय."

"काल नेमकं काय झालं?"

"सुरुवात तर एर्मेतेने अशी वाजवली की लोक श्वास रोखून बसले. मग विराम आला. त्याने रुमालाने पत्ती पुसली, पुन्हा फुंकली आणि पडला बिचारा."

"तुम्हाला काही त्रास?"

"मला कशाला होईल?"

बिचारा एर्मेते कोपऱ्यात सुजलेल्या ओठांना बर्फ लावून कण्हत होता. "हिने पेटीतून काढून दिली तेव्हाच तेल लावलेलं असणार," तो म्हणाला. "मी आपला रोजच्यासारखी भिजवली."

"भिजवल्यावर कुठे ठेवलीस?"

"तोंडात. ओली राहायला हवी ना. वाजवेपर्यंत तोंडातच होती."

इसोत्ताने ती तेलकट पत्ती मागवली, दुसऱ्या पेल्यात पाणी ओतलं आणि पत्ती बुडवली. पाण्यावर तांबूस तवंग पसरला.

"अगं, पण त्या पेल्यात तसलं काहीच नाही," लेआर्को पुटपुटला.

"तेच म्हणतेय मी. हिने दिली तेव्हा तेल असतं, तर मास्तर, तुम्ही त्याच तवंगात आपली पत्ती बुडवली असती. पाठोपाठ हिनेही. दोघांचेही ओठ धड आहेत. म्हणजे पत्ती पाण्यातून निघाली तेव्हा कोरी होती. नंतर ती याच्याच तोंडात होती आणि तिखट लागलं नाही. मग पुसली ती फक्त याच्या रुमालाने. याने आधीच तेल लावलं असतं, तर पत्ती नीट भिजली नसती आणि सुरुवात फसली असती. ती गाजवल्याशिवाय तर याला राहवेना. रुमाल काढ रे."

एर्मेतेने खिशावर हात दाबून धरला. लेआर्कोने तो बाजूला करून रुमाल ओढला. तांबूस डाग लेआर्कोच्याच बोटांना लागला.

"ईस्टरची सनई माझी होती," एर्मेते म्हणाला. "कालपरवा आलेली पोरगी..."

इसोत्ताला वाटलं, त्या ओकारीपेक्षा हे जास्त घाण आहे.

ओद्दोने घसा खाकरून म्हणाले, "चूक झाली, पोरी. पण हे बाहेर नको. पुन्हा फोन करून खरं सांगितलं तर मंडळाची शोभा होईल. याने खराब शिंपले खाल्ले होते म्हणू. तू परत ये, याला मी समजावतो."

"आणि मान्तोव्हा, पार्मा?"

"विसरतील लोक."

देल्फिनाने टेबलावरचा मास्तरांचा फोन उचलला, मान्तोव्हाचा नंबर लावला आणि एर्मेतेच्या तोंडासमोर धरला.

"मास्तरांनी नको," ती म्हणाली. "तू सांग."

पलीकडून कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. एर्मेतेने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी खिडकीकडे. इसोत्ता दाराला पाठ लावून उभी राहिली. शेवटी त्याने ओठांवरचा बर्फ काढला आणि आपलं नाव सांगितलं.