पोपट नावाचा बेडूक

"नाकाला लागणार नाही असं कापड आहे का हो तुमच्याकडे?"

पडदेवालीनं शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि वर पाहिलं. समोरच्या दुकानातला चष्मेवाला दारात उभा होता. उंच, जरासा वाकलेला, स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरलेला. मधली गल्ली ती केवढी! दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागे. पण ती ओलांडून हा माणूस आज पहिल्यांदाच आला होता.

"कुणाच्या नाकाला?"

"पोपटाच्या."

"पोपटाला चोच असते हो."

"नाही, म्हणजे... पोपट बेडूक आहे. हिरवा आहे ना, म्हणून."

आता सांगा, यावर हसू नको यायला? ती खळखळून हसली. तो मात्र हसला नाही, नुसते कान लाल झाले त्याचे.

"झाडबेडूक पाळलेत मी," तो म्हणाला. "काचेच्या पेटीत. वर तारेच्या जाळीचं झाकण आहे, उडी मारली की नाक घासतं त्याच्यावर. फार नाजूक कातडी असते त्यांची. पोपटाच्या नाकाचं तर सालटंच निघालंय, खाणंही सोडलंय त्यानं. डॉक्टर म्हणाले, जखम पुन्हा उघडली तर जबड्यात उतरेल. मग... काही खरं नाही."

त्याचा आवाज असा काही उतरला, की तिचं हसू जागच्या जागी विरलं.

तिनं फळीवरच्या पडद्यांच्या जाळ्या खाली काढल्या. एकेक जाळी डोळे मिटून गालावर फिरवू लागली. "ही टोचते... ही बरी... ही! ही बघा."

त्यानंही ती गालाला लावून पाहिली. तिच्या गालाला लागली होती नेमक्या त्याच जागी. मुद्दाम की काय, कोण जाणे!

"मऊ आहे," तो म्हणाला.

"कापड ना?"

"हो... कापडच."

तिनं झाकण शिवून दिलं. पण आठवडाही झाला नसेल, तोच स्वारी पुन्हा दारात. तोंड एवढंसं झालेलं.

"झाकण छान झालंय. पण आता तो समोरच्या काचेवर आपटतो. आज परत रक्त आलं."

"मग काचेलाही पडदा लावू. पण मला बघू द्या आधी. माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

संध्याकाळी ती मशीनवरचा दिवा तसाच जळत ठेवून समोर गेली. गल्ल्यावर त्याची थोरली बहीण बसली होती.

"ये गं, ये! एकदाची आलीस बाई!"

"ताई!" तो दबक्या आवाजात म्हणाला.

पेटी दुकानाच्या दर्शनी खिडकीत होती, त्याच्या कामाच्या टेबलाला लागून. आत रुंद पानं, खाली शेवाळ, आणि प्रत्येक फांदीचं टोक त्यानं पॉलिशपेपर मारून गुळगुळीत केलेलं. कुठे म्हणून काही टोचायला नको. तिनं पेटीत हात घालायला बाही सरसावली, तर तो घाईनं म्हणाला, "थांबा! हात ओले करा आधी. कोरडा हातसुद्धा बोचतो त्यांना."

तो तांब्यानं तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागला. ओंजळ भरून सांडली, तरी तो ओततच राहिला. मग त्यानं पोपटाला अलगद तिच्या तळव्यावर ठेवलं. गारेगार, बोराएवढा जीव! बोटांची गोल टोकं तिच्या कातडीला चिकटली, गळा धडधडत होता, आणि नाक... लालबुंद, सोललेलं.

"अगं बाई, केवढासा गं हा!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "याला काही होऊ द्यायचं नाही हं."

पोपट पेटीत परत गेला. बाहेर अंधारलं होतं. तो फांदीवर चढला, वळला, आणि—टप्प! समोरच्या काचेवर.

ती खाली वाकली. बेडकाच्या डोळ्यांना डोळे लावून तिनं बाहेर पाहिलं. गल्लीपलीकडे तिचा दिवा लख्ख जळत होता, भोवती किडे भिरभिरत होते. आणि दिव्याखाली तिची खुर्ची.

"अहो, हा माझ्या दिव्यावरच्या किड्यांवर झेप घेतोय! किडे दिसतात, मधली काच दिसत नाही याला. जगाला चष्मे लावता आणि घरात हे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! पडदाबिडदा राहू द्या, पेटी मागच्या खोलीत न्या."

त्यानं घसरलेला चष्मा वर सरकवला. मग पुटपुटला, "तिथं... उजेड कमी पडतो."

"उजेड?" ताईनं हातातलं फडकं आपटलं. "अरे, इतकी वर्षं टेबल आणि पेटी मागच्याच खोलीत होती की! समोर ही येऊन बसायला लागली आणि तुला बरा उजेड कमी पडायला लागला!"

"ताई, पाया पडतो तुझ्या—"

पण बोलून झालं होतं. पडदेवालीची कानशिलं गरम झाली. तो तिच्याकडे बघेना.

"म्हणजे याचं नाक माझ्यामुळे फुटलं," तो हळूच म्हणाला. "मला बसून बघता यावं म्हणून..."

आणि त्यानं ती जड पेटी उचलली. खिडकीकडे वळूनसुद्धा न बघता आत घेऊन गेला. मागोमाग टेबलही ओढत नेलं. गोड बोलणारे पुष्कळ असतात हो. पण बोराएवढ्या बेडकासाठी स्वतःचं सुख असं मुकाट्यानं उचलून आत नेणारा? त्याच क्षणी ती त्याच्या प्रेमात पडली. सरळच सांगते, उगाच आडवळणं कशाला!

मग समोरची खिडकी ओकीबोकी झाली. तो शरमेनं फिरकेना. ती शिवता शिवता वर बघे, तर काचेत नुसत्या रिकाम्या फ्रेमा. आपल्याकडे कुणी बघत नाही याचा एवढा त्रास होतो, हे तिला कुठे ठाऊक होतं?

आणि एका संध्याकाळी तो धावतच आला. अनवाणी!

"खाल्लं! पोपटानं किडा खाल्ला! नाकावर खपली आलीये, डॉक्टर म्हणाले, वाचला!"

"खरंच?" ती टाळी वाजवून उठलीच. दोघं हसले, हसत राहिले.

"बरं... येतो मी," तो वळला.

"थांबा," ती म्हणाली. "बेडकाला काच कळत नाही, ते एक समजू शकते. पण तुम्ही? इतके दिवस काचेतून बघत बसलात! माझ्या दुकानाला दार आहे हो."

"मला वाटलं... तुम्हाला आवडणार नाही."

"विचारलंत कधी?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आता विचारतो. मला तुम्ही फार आवडता. रोज आलो, तर... चालेल?"

तिनं शेजारच्या खुर्चीवरचा पडद्यांचा ढीग उचलून खाली ठेवला.

"बसा," ती म्हणाली, "आणि बघा किती बघायचं ते."