एकतीसच्या पुढे

बाबाच्या बँकेला रोममध्ये सगळे 'सिनेमाची आई' म्हणतात, आणि खरंच आहे ते! चाळीस वर्षं निर्माते टोपी हातात धरून त्रितोने रस्त्यावरच्या त्या दारात येतायत आणि बँक सहसा कुणाला नाही म्हणत नाही. बदल्यात प्रत्येक सिनेमाची एक मूक प्रत डब्यात बंद होऊन तळघरात तारण राहते. त्या तळघराच्या किल्ल्या माझ्या बाबाकडे.

तिथल्या एका डब्यात माझी आई आहे.

आई तिथेच टायपिस्ट होती. एक दिग्दर्शक कर्ज मागायला आला आणि सिनेमासाठी तिलाच मागून बसला. समुद्रकाठच्या हॉटेलात बसलेली बाई, सात सेकंद. माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. पडद्यावर ती म्हणते, "वारा सुटलाय," पण आवाज दुसऱ्याच बाईचा. आमच्याकडे रीतच तशी. किरकोळ माणसांनी कॅमेऱ्यासमोर नुसते आकडे म्हणायचे, ओठ हलले म्हणजे झालं. शब्द मागून चिकटवतात.

तिचा आवाज मला आठवतो तोही आकड्यांतच. मी चार वर्षांची, कपाटात लपलेली. आईवर राज्य. भिंतीला कपाळ टेकवून ती शंभरपर्यंत मोजत होती. एकतीसला आवाज थांबला. काहीतरी धप्पकन पडलं. मी शहाण्यासारखी वाट बघत राहिले. कपाट उघडलं ते बाबाने, संध्याकाळी.

याला बारा वर्षं झाली. आणि परवा जेवताना बाबा सहज म्हणाला, सोमवारी सगळे डबे संग्रहालयात जाणार.

"शनिवारी मला दाखव," मी म्हटलं.

"अगं नीवेस, शनिवारी बँक बंद असते."

"म्हणून तर! आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून दोन महिने बातम्या बघितल्यात. ओठ वाचता येतात मला."

"देवा! म्हणजे आता पुटपुटायचीसुद्धा चोरी." मग पास्त्याकडे बघत म्हणाला, "आईवर गेलीस. तिनेही शूटिंगची रजा साहेबाकडून अशीच उकळली होती."

शनिवारी दुपारी खाली उतरलो. मागे लोखंडी कपाटांची रांग, पुढे छोटा पडदा, एक खुर्ची. व्हिनेगरसारखा आंबूस वास. बाबा कडेच्या काचेमागे यंत्रापाशी गेला.

आई आली. ठिपक्यांचा झगा, उडणारे केस. एक, दोन, तीन... सातला हसली. चौदा. संपलं.

"सातला हसली!" मी ओरडले. "बाबा, परत!"

त्याने रीळ मागे गुंडाळलं.

आई आली. ओठ हलले. मी पुढे वाकले.

बत्तीस.

तेहतीस. चौतीस.

"बाबा, हा दुसरा तुकडा आहे का?"

"एकच आहे," काचेमागून तो म्हणाला. थोड्या वेळाने, "नीवेस, हा संपत का नाहीये?"

साठ. एकसष्ट. आता ती हसत नव्हती. घाई नव्हती तिला. मागे समुद्राची तीच लाट अर्धी वर येऊन थांबलेली.

माझे पाय आपोआप पोटाशी आले, कपाटात यायचे तसे.

अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर.

तिने सरळ माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. हे वाचायला शिकावं लागत नाही.

येऊ?

"ये!" मी म्हटलं.

पडद्यावर रिकामी खुर्ची उरली. लाट फुटली.

माझ्या पाठीवर हलकेच थाप पडली.

डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, बाबा काचेमागेच होता. दोन्ही हात यंत्रावर.

"नीवेस, वळू नकोस," तो म्हणाला.

वळणार कशी? धप्पा बसला की राज्य आपल्यावर. मी तशीच पुढे गेले, डोळे मिटले, पडद्याशेजारच्या भिंतीला कपाळ टेकवलं आणि मोठ्याने मोजायला लागले.

सातला मागून बारीक हसू ऐकू आलं आणि एका लोखंडी कपाटाचं दार आतून हळूच ओढून घेतलं गेलं.