दमणच्या बागेतली खुर्ची

योगेश, पंखा बंद पडला म्हणून कुरकुरू नकोस. लाईट यायची तेव्हा येईल. समाधान, तू जरा दारातून सरक, वारा येऊ दे आत. उद्या रविवारी दमणला जायचं म्हणताय ना दोघं? खुशाल जा. पण आधी झुंबरचं ऐका. ही ऐकीव गोष्ट नव्हे. झुंबर माझ्याच मशीनवरचा माणूस. एका आठवड्यात दिवस त्याचा, रात्र माझी. पुढच्या आठवड्यात उलट.

झुंबर पारोळ्याकडचा. सायली गावच्या धाग्याच्या कंपनीत चौदा वर्षं काढली, राहायला इथेच आमलीत, मागच्या गल्लीत. बायको चिमाबाई. मूलबाळ नाही. त्या बाईने नवऱ्याकडे कधी साडी मागितली नाही की डोरलं मागितलं नाही. एकच मागणं, समुद्र बघायचा. जिथे नदीतसुद्धा आठ महिने नुसती वाळू, तिथली ती बाई. दमण इथून बाईकवर तास-सव्वा तास. पण चौदा वर्षांत तो तास काही झुंबरला सापडला नाही. "पुढच्या रविवारी नक्की," म्हणायचा. कसला पुढचा रविवार? कोंबड्याला दात येतील तेव्हाचा!

कारण तुम्ही जाणताच. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. जाणारा विचारतो, "रिलीव्हर?" येणारा म्हणतो, "आलो, जा." मग जाणारा मागे न बघता गेटकडे सुटतो. झुंबर हे झोपेतही बरळायचा. मध्येच ओरडायचा, "रिलीव्हर?" चिमाबाई कूससुद्धा न बदलता म्हणायची, "आले, जा तुम्ही." की लगेच हा घोरायला लागायचा. हसू नका. बारा-बारा तास उभे राहा, मग कळेल.

तर, दोन हजार तेवीस साल. डिसेंबरची दहा तारीख, रविवार. अमावास्या दोन दिवसांवर. झुंबरची रात्रपाळी सकाळी सातला सुटायची आणि नऊ वाजता दोघं दमणला निघायची होती. चिमाबाईने दशम्या करून फडक्यात बांधल्या होत्या. सात वाजले. रिलीव्हर नाही. दहा वाजले. नाही. दुपारी दोनला स्वारी उगवली. झुंबर घरी आला, आंघोळ केली आणि टॉवेल गुंडाळलेलाच भिंतीला टेकून झोपला. चिमाबाईने त्याला उठवलं नाही. बघत बसली. शेवटी साडेचारला तोच दचकून उठला आणि बाईक काढली.

वापीच्या ट्रॅफिकमधून दमणला पोचेपर्यंत साडेसहा. दिवस मावळलेला. किनाऱ्यालगत एक सार्वजनिक बाग आहे, नाव सांगत नाही. सिमेंटचा डॉल्फिन, झोपाळे, कारंजं, आणि कुंपणापलीकडे समुद्र. म्हणजे काय, तर काळोख. नुसता आवाज. चिमाबाई कुंपणाजवळच्या बाकावर बसली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दिवसा किती लांबपर्यंत दिसत असेल, नाही?"

बस, एवढंच. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, झुंबर मला म्हणाला.

दशम्या खाल्ल्या. माणसं पांगत चालली. आठ वाजून गेल्यावर तिने रिकामी बाटली पुढे केली. "तेवढं पाणी आणा, मग निघू."

नळ बागेच्या मागच्या फाटकाजवळ. तिथे एक लोखंडी खुर्ची, फाटकाकडे तोंड, समुद्राकडे पाठ. खुर्चीवर म्हातारा वॉचमन. खाकी स्वेटर, कानाला मफलर. झुंबर नळाकडे वाकणार, तेवढ्यात म्हातारा म्हणाला,

"रिलीव्हर?"

झुंबर छत्तीस तास धड झोपला नव्हता. तोंडातून आपोआप निघालं, "आलो, जा."

म्हातारा उठला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही सुटकेचा भाव आला, की झुंबरला त्याची दयाच आली. "कुर्सी मत छोडना," तो म्हणाला. फाटकातून बाहेर पडला. मागे बघितलं नाही.

बाहेर वाळू मऊ होती. झुंबरने बघितलं. पाऊल उमटत नव्हतं.

आणि झुंबर खुर्चीवर बसलेला होता. कधी बसला, त्याला आठवत नाही. उठायला गेला. उठवेना. कुणी धरलं नव्हतं. दुखत नव्हतं. मशीन चालू असताना जागा सोडवत नाही ना... तसं.

नऊ वाजले. बागेतले दिवे एकेक करून गेले.

"अहो?"

चिमाबाईचा आवाज. त्याने ओ द्यायला तोंड उघडलं. आवाज नाही.

"अहो... कुठे आहात?"

चपला वाजल्या. जवळ. मग लांब. मग कुंपणापाशी. भरती चढत होती, लाटा कुंपणाखालच्या भिंतीवर आपटत होत्या. झुंबरला मानही वळवता येईना. समोर फाटक. नुसतं फाटक.

चपला परत आल्या. ती समोर उभी राहिली. तिला तो दिसला.

"इथे झोपलात होय!"

आता ऐका. झुंबरला त्या क्षणी सगळं कळलं होतं. तोंडातून एकच शब्द निघू शकतो, हे कळलं होतं. तो शब्द ऐकून ही काय म्हणेल, तेही माहीत होतं. चौदा वर्षांचं पाठांतर ते. गप्प बसला असता तर? एक रात्र, दोन रात्री, बारा वर्षं... बसला असता तर?

मला हे सांगताना तो भिंतीवर डोकं आपटत होता.

त्याने विचारलं.

"रिलीव्हर?"

ती हसली. त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"आले, जा तुम्ही."

पाय सुटले. झुंबर उठला. फाटकातून बाहेर. बाईकपर्यंत. मागे न बघता... सवय! किक मारली. म्हणाला, "बस, चिमा."

मागची सीट हलली नाही.

धावत परत आला. खुर्ची रिकामी.

पोलीस आले, कोळ्यांनी होड्या घातल्या, तीन दिवस शोधलं. बाई भरतीत गेली म्हणाले. काही सापडलं नाही. आणि मागच्या फाटकाला वॉचमनच नाही, कधीचा नाही, असं बागवाल्यांनी सांगितलं. खुर्ची मात्र होती. ती कुणी ठेवली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

झुंबर त्यानंतर वर्षभर दर रविवारी गेला. खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "आलो, जा." कुणी विचारलंच नाही तर उत्तराला काय अर्थ? मग नोकरी सोडून गावी गेला. जाताना मला म्हणाला, "चौदा वर्षं दुसऱ्याची वाट बघत बसलो, सदाशिवभाऊ. एकदाच घाई केली."

काय म्हणालास योगेश? त्या दिवशी रिलीव्हर कोण होता?

...

कंदील जरा मोठा कर.

मीच. अथाल गावात हळदीचं जेवण होतं आदल्या रात्री. खाऊन लोळत पडलो होतो. फोन वाजत होता, मी उशीखाली सारला. म्हटलं, झुंबर आहे ना, तो कुठे जातोय! सात तासांची झोप माझी. पोटभर झोपलो, पोरांनो. तेव्हापासून तशी झोप नाही.

मीही जाऊन आलो त्या बागेत. मीही म्हणालो, "आलो, वहिनी. जा." माझं कोण ऐकतंय?

तिथे माळीकाम करणारा एकजण भेटला. म्हणाला, रोज संध्याकाळी ही खुर्ची आम्ही फाटकाकडे तोंड करून ठेवतो, आणि सकाळी ती फिरलेली असते. पोरांचा चावटपणा समजून त्यांनी तिला साखळीने खांबाला जखडली, वर कुलूप घातलं. मी मुद्दाम रात्रभर फाटकाबाहेर थांबलो. कुणी आलं नाही, गेलं नाही. उजाडल्यावर माळ्याबरोबर आत गेलो.

साखळी तशीच. कुलूप तसंच.

खुर्चीचं तोंड समुद्राकडे होतं. आणि लांबपर्यंत दिसत होतं.